विश्लेषण : घरच्या सर्व्हरसाठी कमी विजेची हार्ड डिस्क कशी निवडावी?

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि १५ जीबीच्या कोट्यात ईमेल, कागदपत्रे व फोटो यांची एकत्र दाटी सुरू झाली. तेव्हापासून अनेक घरांत राउटरशेजारी एक छोटा सर्व्हर येऊन बसला आहे. कुठे तो जुना लॅपटॉप असतो, कुठे रास्पबेरी पाय, तर कुठे पुस्तकाएवढा मिनी पीसी. बारशापासूनचे फोटो, आजीच्या आवाजातील रेकॉर्डिंग, सातबारा आणि खरेदीखताचे स्कॅन, लग्नाचा दोन तासांचा व्हिडीओ हे सारे त्यात जाते. दोन-तीन वर्षांत त्याची डिस्क भरते आणि नवी घेण्याची वेळ येते. सर्व्हर चोवीस तास चालू राहणार म्हणून ‘कमी वीज खाणारी घ्या’ असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट आहे. डिस्कची वीज नेमकी कशामुळे वाचते हे पाहिले नाही, तर बिलात दोन-तीनशे रुपये वाचतील आणि ज्या फोटोंसाठी हा सारा खटाटोप, तेच धोक्यात येतील.

एक वॉट म्हणजे किती रुपये?

हा हिशेब एकदा पाठ केला की पुढची अर्धी गोंधळाची वळणे सरळ होतात. वर्षात ८,७६० तास असतात. म्हणजे एक वॉट अखंड चालला तर वर्षाला ८.७६ युनिट, ढोबळमानाने पावणेनऊ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर एक वॉट म्हणजे वर्षाला सुमारे ८८ रुपये.

तुमचा खरा दर यापेक्षा जास्तही असू शकतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. सर्व्हरची युनिट घरच्या वापरावर येऊन बसतात, त्यामुळे त्यांना लागू होतो तो तुमच्या वापराचा सर्वांत वरचा टप्पा. बिलाला एकूण युनिटने भागून आलेला सरासरी दर येथे दिशाभूल करतो.

आता डिस्क पाहू. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची ४ टेराबाइटची साडेतीन इंची डिस्क काम नसताना, पण फिरती असताना साधारण ३ ते ४ वॉट घेते. साडेतीन वॉट धरल्यास वर्षाला ३१ युनिट, म्हणजे ३०७ रुपये. हवा भरलेली ७,२०० फेऱ्यांची डिस्क ७ वॉट घेत असेल तर खर्च दुप्पट. फरक वर्षाला तीनशे रुपयांचा, पाच वर्षांत दीड हजारांचा. डिस्क निवडताना लक्षात घ्यावा इतका तो आहे. पण चालू स्थितीतील डिस्क केवळ त्यासाठी बदलावी इतका नक्कीच नाही.

आणि सर्व्हर म्हणून दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप वापरत असाल, तर आधी तिकडे पाहा. तो रिकामा बसूनही सहज ५० वॉट ओढतो. वर्षाला ४३८ युनिट, चार हजारांवर रुपये. इंटेलच्या एन१०० सारख्या प्रोसेसरचा मिनी पीसी हेच काम ६ ते १० वॉटमध्ये करतो. ५० वॉटच्या यंत्रात दोन वॉट वाचवणारी डिस्क शोधणे म्हणजे नळ वाहता ठेवून घोटभर पाण्याची काळजी करणे. प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर मिळतो. तो लावून आधी आकडा बघा.

डिस्कमध्ये वीज जाते कुठे?

मुख्यतः हवेशी झगडण्यात. डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या फिरतात आणि भोवतालची हवा त्यांना अडवते. हा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो: फेऱ्या ७,२०० वरून ५,४०० वर आणल्या, म्हणजे वेग पाऊणपट केला, तर हवेपायी लागणारी शक्ती निम्म्याहूनही खाली येते. तबकडीच्या व्यासाचा परिणाम त्याहून तीव्र आहे. म्हणूनच अडीच इंची डिस्क एक ते दोन वॉटमध्ये भागवते.

तिसरा मार्ग हवाच काढून टाकण्याचा. २०१३ मध्ये एचजीएसटी कंपनीने हेलियम भरून बंद केलेली ६ टेराबाइटची डिस्क बाजारात आणली. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्श्याइतकी. विरोध घटला, तबकड्या पातळ करून जवळजवळ रचता आल्या आणि एकाच खोक्यात सात तबकड्या बसल्या. आज मोठ्या क्षमतेच्या डिस्क बहुतेक हेलियमच्याच असतात. १६ टेराबाइटची अशी डिस्क ७,२०० फेऱ्यांनी फिरूनही रिकाम्या वेळी पाच-सहा वॉटच घेते.

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. डिस्कचे वॉट पाहू नका, टेराबाइटमागचे वॉट पाहा. चार टेराबाइटच्या चार डिस्क मिळून १४ वॉट घेतात. सोळा टेराबाइटची एक त्याच्या निम्म्यात भागवते. घरात पडून असलेल्या एकेक टेराबाइटच्या तीन जुन्या डिस्क ‘फुकट आहेत’ म्हणून जोडल्या, तर त्या मिळून १५ वॉटच्या आसपास जातील आणि वर्षाला तेराशे रुपये मागतील. त्याऐवजी ४ टेराबाइटची एक नवी डिस्क वर्षाला हजारेक रुपये वाचवते, शिवाय वयाने तरुण असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पेटीवरच्या नावावर विसंबू नका. ८ टेराबाइटच्या, दोन्ही ‘नॅस’साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्येही एक साडेपाच हजारांच्या आसपास फेऱ्यांची आणि तीन-चार वॉटची निघते, तर दुसरी ७,२०० फेऱ्यांची आणि सात-आठ वॉटची. ‘५,४०० क्लास’ असा शब्दप्रयोग दिसला तर अधिकच सावध राहा. ‘क्लास’ हा कामगिरीचा वर्ग आहे, प्रत्यक्ष फेऱ्यांची हमी नव्हे. असे लेबल असलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात ७,२०० फेऱ्यांनी फिरत असल्याचे २०२० मध्ये ग्राहकांनी आवाजाच्या वारंवारतेवरून शोधून काढले होते. मॉडेल क्रमांक टाकून कंपनीचे माहितीपत्रक उघडा आणि त्यातील ‘आयडल’ या ओळीतला आकडा वाचा. घरचा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ याच अवस्थेत असतो, म्हणून बिल तीच ओळ ठरवते.

कौलांची रचना आणि २०२० चा वाद

कमी वीज, कमी किंमत आणि जास्त जागा असे तिन्ही एकत्र दिसले की ती डिस्क बहुधा ‘एसएमआर’ असते. यातला ‘एस’ शिंगल या शब्दाचा. म्हणजे छपरावर एकावर एक चढवलेल्या फळ्या. आपल्याकडे त्यासाठी कौलारू घर आठवावे. साध्या, म्हणजे सीएमआर डिस्कवर माहितीच्या वर्तुळाकार ओळी शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर थोडी चढवलेली असते, त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती मावते आणि तबकड्या कमी लागतात. पण मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उतरवून पुन्हा रचावी लागतात. तसेच येथे एक ओळ बदलण्यासाठी शेजारचा पट्टाच पुन्हा लिहावा लागतो. डिस्क हे काम मागे ढकलत राहते, आणि ढकलण्याची जागा संपली की तिचा वेग कोसळतो.

एकदा भरून ठेवायचे आणि फक्त वाचायचे, तर हे जाणवतही नाही. जाणवते ते नको त्या वेळी. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणाऱ्या मांडणीत एक डिस्क बिघडली की नवी लावून अब्जावधी लहान तुकडे सलग लिहावे लागतात. त्या वेळी एसएमआर डिस्क इतकी रेंगाळते, की काही मांडण्या तिला बिघडलेली समजून बाहेर काढतात. झेडएफएस वापरणाऱ्यांना हा अनुभव आल्यावरच २०२० च्या एप्रिलमध्ये मोठा वाद उफाळला. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि तसे ग्राहकाला सांगितलेले नव्हते. सीगेट आणि तोशिबालाही डेस्कटॉपसाठीच्या आपल्या काही डिस्कबाबत तीच कबुली द्यावी लागली. पुढे वेस्टर्न डिजिटलने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या आणि कंपन्यांनी मॉडेलवार याद्या प्रसिद्ध केल्या.

मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांवरून ओळखण्याचे सोपे सूत्र सांगणारे भेटतात. त्यावर भरवसा ठेवू नये. ‘ईएफएएक्स’ने संपणारी ४ टेराबाइटची रेड एसएमआर आहे, तर त्याच अक्षरांनी संपणारी ८ टेराबाइटची सीएमआर. यादीत आपला पूर्ण क्रमांक शोधावा. तेथे ‘सीएमआर’ दिसत नसेल तर डिस्क घेऊ नये, ती कितीही कमी वॉटची असली तरी.

वीज वाचवता वाचवता झिजलेली डिस्क

आणखी एक उदाहरण जुने आहे, पण आजही उपयोगाचे. २००७ पासून आलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ डिस्क कमी विजेसाठी प्रसिद्ध होत्या. आठ सेकंद काम नसले की त्या वाचन-लेखन करणारे शीर्ष उचलून बाजूच्या थांब्यावर ठेवत. डेस्कटॉपवर हे ठीक. पण लिनक्स सर्व्हर दर काही सेकंदांनी कसली ना कसली नोंद लिहितच असतो. शीर्ष थांब्यावर गेले, की लगेच हाक. दर अर्ध्या मिनिटाला एकदा असे झाले तर दिवसात २,८८० वेळा; या डिस्कची मर्यादा होती तीन लाख वेळांची. म्हणजे साडेतीन महिन्यांत आयुष्यभराची ये-जा उरकली. मर्यादा ओलांडताच डिस्क मरते असे नाही, पण झीज झालेली असते. शेवटी अनेकांनी एक छोटी प्रणाली चालवून ही सोयच बंद केली.

आजच्या नॅस डिस्कची मर्यादा सहसा सहा लाखांची असते आणि त्यांना अशी घाईही नसते. तरीही नवी डिस्क लावल्यावर आठवडाभराने स्मार्ट अहवालातील ‘लोड सायकल काउंट’ पाहावा. तो दिवसाला हजारोंनी चढत असेल, तर कारण शोधायला हवे.

रात्री डिस्क झोपवावी का?

फिरणे पूर्ण थांबवले की साडेतीन वॉटचे अर्धा वॉट किंवा त्याहून कमी होतात. पुन्हा सुरू होताना दहा सेकंद वीस-एक वॉट लागतात. तेवढी वीज सव्वा मिनिटाच्या झोपेत भरून निघते. म्हणजे विजेच्या हिशेबाने दोन मिनिटांची डुलकीही फायद्याची. झिजेच्या हिशेबाने तसे नाही. अनेक डिस्क ५०,००० वेळा थांबण्या-सुरू होण्यासाठी घडवलेल्या असतात. दिवसाला दहा वेळा उठवले तर तेरा वर्षे पुरेल. दर वीस मिनिटांनी उठवले तर दोन वर्षांतच संपेल.

त्यामुळे प्रश्न झोपवण्याचा नाही, झोपमोड टाळण्याचा आहे. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, फोटोंच्या ॲपचा डेटाबेस, लघुचित्रे आणि नोंदी एका लहानशा एसएसडीवर ठेवा. मोठ्या डिस्कवर फक्त मूळ फोटो आणि व्हिडीओ. मग एखाद्याने जुने फोटो चाळले तरी पडद्यावरच्या चौकटी एसएसडीवरून येतात, मोठी डिस्क उठत नाही. झोपेची मुदत अर्धा ते एक तास ठेवावी. दिवसातील वीस तास झोप मिळाली तर वर्षाला २२ युनिट वाचतात, सव्वादोनशे रुपये. सीसीटीव्हीचे चित्रण त्याच डिस्कवर जात असेल, तर मात्र झोपेचा विचार सोडूनच द्या. तिला रात्रंदिवस लिहायचे आहे.

रास्पबेरी पाय असेल तर?

तर वॉटचा प्रश्न बिलाचा राहत नाही, डिस्क चालेल की नाही याचा होतो. पाय ४ च्या सर्व यूएसबी जोडण्या मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला पाच अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर त्या मिळून ०.६ अँपिअरवरच थांबतात. तो अडॅप्टर असेल तर १.६ पर्यंत जातात. अडीच इंची डिस्क फिरू लागताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास मागते. दोन डिस्क जोडल्या की मध्येच एक गायब होते, फाइल अर्धवट लिहिली जाते आणि दोष डिस्कला दिला जातो. उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतातच, त्यामुळे तिचा खोका स्वतंत्र अडॅप्टरसह येतो. असा खोका घेताना तो स्मार्ट अहवाल आणि झोपेचा आदेश डिस्कपर्यंत पोहोचू देतो का, हे विचारून घ्या. सगळे खोके ते करत नाहीत.

मग अडीच इंचीच का नको? कारण दोन टेराबाइटच्या वरच्या अडीच इंची डिस्क जवळपास साऱ्या एसएमआर आहेत. तयार पोर्टेबल डिस्कमध्ये तर अनेकदा यूएसबीची जोडणी थेट डिस्कच्या पट्टीवरच असते, बिघाड झाल्यास ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. कायम जोडून ठेवायची मुख्य डिस्क म्हणून ती घेऊ नये. पण महिन्यातून एकदा जोडायची, सगळ्याची प्रत घ्यायची आणि कपाटात ठेवून द्यायची, यासाठी ती उत्तम. कपाटातली डिस्क शून्य वॉट खाते! ही प्रत हवीच. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी मांडणी डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेला फोल्डर ती दोन्हींवरून इमानदारीने पुसते.

उन्हाळा आणि इन्व्हर्टर

डिस्कने घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते आणि सर्व्हर माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या बंद कपाटात असतो. डिस्कची कमाल मर्यादा साधारण ६० ते ६५ अंशांची. सात वॉटऐवजी साडेतीन वॉटची डिस्क घेण्याचा खरा लाभ मला बिलापेक्षा येथे अधिक वाटतो. आवाजही कमी होतो, हा फायदा रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्यांना कळेल.

वीज अचानक गेली की डिस्कला शीर्ष घाईघाईने मागे ओढावे लागते. अर्धवट लिहिलेल्या फाइलचा धोका वेगळाच. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ अशी कळ असते का पाहा. दुसऱ्या पर्यायात वीज बदलताना जो क्षण जातो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. सर्व्हर असेल तर कळ ‘यूपीएस’वर हवी. मिनी पीसी, एक डिस्क आणि राउटर मिळून वीस-पंचवीस वॉट होतात, तेवढ्यासाठी लहान यूपीएसही बराच वेळ पुरतो. येथे प्रत्येक वाचलेला वॉट मिनिटांच्या रूपात परत मिळतो.

मग घ्यावी कोणती?

एकूण गरज दोन टेराबाइटपर्यंत असेल तर हार्ड डिस्कच्या फंदात न पडता सरळ एसएसडी घ्यावी. साटा एसएसडी रिकाम्या वेळी वॉटचा किरकोळ अंश घेते, आवाज नाही, झोप-उठण्याची चिंता नाही. त्यापुढे टेराबाइटमागचा भाव हार्ड डिस्कच्या बाजूने झुकतो.

४ ते ८ टेराबाइटसाठी ५,४०० च्या आसपास फेऱ्यांची, नॅससाठीची, सीएमआर डिस्क. बहुतेक घरांचे उत्तर येथेच आहे. क्षमता ठरवताना आजच्या साठ्याच्या दुप्पट घ्या. दोन वर्षांनी दुसरी डिस्क जोडावी लागली तर ती स्वतःचे साडेतीन वॉट घेऊनच येईल. १२ टेराबाइटच्या पुढे हेलियम. तेथे कमी फेऱ्यांचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

मोठ्या हेलियम डिस्क लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन फार स्वस्तात दिसल्या, तर थांबून विचार करा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्क, वापराची नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले होते. पक्के बिल घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून हमीची मुदत तपासा. नॅस डिस्कवर ती सहसा तीन वर्षांची असते.

डिस्क घरी आल्यावर लगेच फोटो ओतू नयेत. आधी स्मार्टची दीर्घ चाचणी लावावी. ८ टेराबाइटला त्यासाठी बारा तासांहून अधिक लागतात, म्हणून ती रात्री सुरू करावी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकावी. नंतर प्रत घ्यावी, काही फोल्डर उघडून पाहावेत, आणि महिनाभर तरी जुनी डिस्क तशीच, न पुसता, बाजूला ठेवावी.